नरक्याच्या फुलाचा वास

नरक्या हे लहान झाड. फार तर तीन पुरुष उंच. खूप पावसाच्या डोंगरात, गर्द रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. पान रुंद आणि देठाशी एका बाजूला कललेलं. पानाचं मला लिहिता-वाचता येण्याआधीपासून ठाऊक आहे, कारण ठाण्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं वाळलेल्या फांद्या नमुना म्हणून जाड कागदावर चिकटवल्या. नरक्याचं पान कितीही सरळ लावा, तिरकंच दिसतं. नव्या माणसाला वाटायचं, बाईचा हात वाकडा.

कागदाच्या कोपऱ्यात सर लोक माहिती लिहायचे. ती मला एकावन्नाव्या वर्षी वाचता आली, कोपरच्या साक्षरता वर्गात बसल्यावर. तेव्हा कळलं, फांदी वाळल्यावर जे उरत नाही ते तिथे मुद्दाम लिहून ठेवतात. फुलाचा रंग. झाडाची उंची. वास.

निवृत्त होऊन मला आता सहा वर्षं झाली. गेल्या श्रावणात दक्षता मॅडमनी बोलावून घेतलं. आमच्याच कॉलेजात शिकून त्या आता तिथेच शिकवतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी झाडांचं मराठी पुस्तक करत होत्या. म्हणाल्या, "शेवंतीमावशी, छापण्याआधी वाचून बघा. तुम्हाला अडलं तर मुलांनाही अडेल."

मी बोट ठेवून वाचत गेले आणि नरक्यापाशी अडले. 'फुले लहान, पिवळसर. वास सडक्या मासळीसारखा.'

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. जुन्या पुस्तकात नुसतं 'दुर्गंधी' आहे. मुलांना कळावं म्हणून उपमा घातली."

"मासळीचीच का?"

"अहो मावशी, घाण वास म्हटला की..." मॅडम बोलता बोलता थांबल्या.

आम्ही खाडीवरची माणसं. मी डबा उघडला की खिडकी उघडणारे कॉलेजात पुष्कळ होते. ते मी हसून सोडलं. बोलणं हवेत जातं. हे मात्र छापून राहणार होतं, आणि माझी नात अक्षदा पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसणार होती. तिने हे मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं?

"मॅडम, सडकी मासळी कधी हुंगलीत?"

"आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत उकडतात, मावशी."

"मग?"

"सोमवारी छपाईला जातंय हो."

"आज शुक्रवार आहे. उद्या येते."

घरी आल्यावर आमच्या ह्यांना, दामाजींना, म्हटलं, "उद्या एक ताजी बोय द्या. आणि आजची एक तशीच बाहेर राहू द्या."

"शिली कोनाला? मांजरीला?"

"कॉलेजला."

"मासली कॉलेजात चालली? ती पन श्रावनात? बघ हां, नापास होऊन येल."

कॉलेजच्या मागच्या बागेत नरक्याचं एक झाड आहे. शनिवारी ते फुललेलं होतं, तुऱ्यांवर माश्या बसल्या होत्या. मी मॅडमना डोळे मिटायला लावले आणि पहिला डबा नाकाशी धरला.

"पाण्याचा वास येतोय. थोडा चिखलाचा."

"ही ताजी." मग दुसरा डबा.

"ई! केवढा तिखट! नाकात चढला."

"ही कालची." मग नरक्याचा तुरा.

मॅडमनी दोनदा हुंगलं. "हा चढत नाही. घशात बसतो. गोडसर आहे." त्यांनी डोळे उघडले. "मासळी नाही ही. काढते मी. 'दुर्गंधी' एवढंच ठेवते."

जिंकले होते, पण मन भरेना. दुर्गंधी कसली? पोरांना काय कळणार? अर्धी माहिती मी एकतीस वर्षांत कधी चिकटवली नव्हती. मीच तुरा नाकाशी घेतला, आणि एकदम कपाट आठवलं.

"मॅडम, नऊ नंबरचं कपाट! तुम्ही तेव्हा शेवटच्या वर्षाला होतात. आठवडाभर वास येत होता आणि सगळे म्हणत होते, शेवंतीच्या डब्याचा."

मॅडमचा चेहरा उतरला. "मीपण म्हणाले होते."

"कपाट मी एकटीने सरकवलं होतं. मागे काय निघालं?"

"उंदीर," त्या म्हणाल्या, पुन्हा तुरा हुंगला आणि खो खो हसत सुटल्या. "अगदी तोच! मावशी, तोच!" मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, 'वास मेलेल्या उंदरासारखा, गोडसर, जड. लांबूनही येतो. माश्या बसतात.' मॅडमनी एक वेलांटी सुधारली, बाकी तसंच ठेवलं. खाली त्यांनी स्वतः लिहिलं, 'निरीक्षण : शेवंती दामाजी भोईर, कोपर.'

"उंदरांनी तक्रार केली तर?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीही साक्षरता वर्गात जावं," मी म्हटलं.

घरी पोचले तर हे दारातच जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय, मासली पास झाली का?"

"पयली आली."