मंजुळाबाईंच्या ओव्यांना कुलूप

मित्रहो, ते कॅसेटचे दिवस आठवतात? कोरी कॅसेट घेऊन बाजारात जायचं, आवडीची गाणी भरून आणायची आणि घरी आलेल्या पाहुण्यानं ती हक्कानं मागून न्यायची. काय सुखाचा काळ होता तो!

बुलडाण्यात कारकून असलेल्या गंधारला मात्र हे सारं गबाळं वाटे. आई मंजुळाबाई गेल्यावर त्यानं लहानपणी स्वतःच टेप केलेल्या तिच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतल्या. मधली खरखर आणि बोलणं कापलं. वर असं सॉफ्टवेअर लावलं, की ती फाइल फक्त त्याच्याच कॉम्प्युटरवर वाजावी, दुसरीकडे नेली तरी उघडू नये. जुनी कॅसेट भंगारात दिली. शहाणाच तो!

एक दिवस धाड गावाहून बहीण शारदाचा फोन आला. "गंधार, आपल्या निवेदिताची हळद दळाची हाये. पोरगी म्हणते, आजीच्या ओव्या लावून दळू. पाठवून दे ना."

"नाही ताई. एकदा पाठवलं की गावभर होते."

"मंग होऊ दे ना! इरजण मागाले आलेल्या बाईले माय कधी नाही म्हणली काय? चमचाभर देल्यानं आपलं दही कमी झालं काय कधी?"

गंधार बधला नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्याचा कॉम्प्युटर जळाला. फाइल त्यानं वेगळ्या डिस्कवर जपून ठेवली होती, ती नव्या कॉम्प्युटरवर लावली. पडद्यावर अक्षरं उमटली : 'या यंत्रावर परवानगी नाही.' सॉफ्टवेअरवाली कंपनी केव्हाच बंद पडली होती. आपल्याच आईच्या आवाजाला परवानगी! आणि ती द्यायला कुणी जागेवर नाही!

तोंड पाडून गंधार धाडला गेला. शारदा रागावली नाही. त्याला घेऊन ती जहांगीरभाईंकडे गेली. एके काळी बाजारात त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं.

"काऊन रडता बे?" जहांगीरभाई म्हणाले. "अम्मानं तवाच त्या ओव्यायची एक कॅसेट मले देली होती. म्हणे, जो मागन त्याले भरून दे. लय बायकायनं नेली." आणि त्यांनी फडताळातून कॅसेट काढली.

हळदीच्या दिवशी जातं फिरू लागलं. मंजुळाबाईंचा आवाज आला तशा बायका सोबत गाऊ लागल्या. ओवी संपली आणि टेपमधून तीच बोलली, "गंधार, बंद कर बाप्पा ते. जेवला नाहीस तू अजून."

हेच बोलणं गंधारनं स्वतःच्या हातानं कापलं होतं! तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. मग डोळे पुसून उठला आणि म्हणाला, "कोणाकोणाले पाह्यजे? सगळ्यायले देतो."

बंधुभगिनींनो, कलावंताच्या कष्टाचं मोल जरूर द्या. पण जे आपलं आहे, ते दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नका. अशी कुलपं चोराला अडवतात की नाही, देव जाणे. घरच्या माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर उभं करतात.