पंढरीने परत आणलेली डेग

मित्रांनो, लातूरच्या एका मेसच्या मागच्या अंगणात जी मोठी, काळवंडलेली तांब्याची डेग उपडी ठेवली आहे, ती मी. लग्नकार्यात अख्ख्या मांडवाचा भात एका वेळी शिजवायचे भांडे म्हणजे डेग. माझा तळ आता पातळ झाला आहे. उद्या मला तांबटाकडे मोडीत नेणार आहेत. जाण्याआधी तुमच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले.

मला गुरुबसप्पांनी घडवून घेतले. लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, त्यांचे भुसाराचे दुकान होते. तांबटाच्या हातोडीखाली मी आकाराला येत होते, तेव्हा ते रोज येऊन बघून जात. कल्हई होऊन मी आतून चांदीसारखी चमकू लागले, तेव्हा त्यांनी माझ्या काठावरून किती मायेने हात फिरवला! त्यांची एकुलती लेक महादेवी हिच्या लग्नात माझ्यात पहिला भात शिजला. लेक औशाच्या पुढच्या एका गावी नांदायला गेली आणि मी कोठीत गेले. शेजारपाजारचे कार्याला मागायला येत. गुरुबसप्पा सांगत, "कल्हई जाते. देता येणार न्हाई."

त्यांची पत्नी नीलम्मा हे दर वेळी ऐके. एकदा मात्र मठातले प्रवचन ऐकून दोघे घरी आले, तेव्हा कोठीच्या दारातच ती म्हणाली, "ऐकलं नव्हं? माझं माझं म्हणून धरून बसू नये म्हणाले."

"ते वैराग्य स्वामी लोकांसाठी हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "आपण संसारी माणसं. आपण आपलं जपायचं."

मग त्र्याण्णव सालची ती पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. जमीन हादरली. कोठीतले डबे माझ्यावर कोसळले. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. औशाकडची गावेच्या गावे बसली होती. महादेवीचे गाव त्यातलेच.

गुरुबसप्पांनी ट्रक आणला. नीलम्माने त्यात तांदूळ, डाळ, सरपण भरले आणि हमालांना मलाही उचलायला सांगितले.

"अगं, आपण लेकीला आणाया चाललोय. डेग कशाला?"

"तिथं आपलीच लेक हाय का?" नीलम्मा म्हणाली. "एवढ्या माणसांचं मी काय वाटीत शिजवू?"

त्या गावात घर म्हणावे असे काही उरले नव्हते. दगडमातीचे ढीग होते आणि ढिगांवर माणसे हातांनी उकरत होती. महादेवी एका झाडाखाली चादरीवर निजलेली दिसली. पाय मोडला होता, पण ती जिवंत होती. तिची सासू गेली होती. जावई सोलापूरला माल घेऊन गेला होता, म्हणून वाचला. बापाला पाहून महादेवीने जवळच उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केले. "अप्पा, यांनी काढलं मला. हे पंढरी. शेजारी राहतात."

पंढरीच्या बोटांची सालटी निघाली होती. गुरुबसप्पांनी ते हात धरले. "तुमच्या घरचे कुठं हायत?"

"बायको आणि पोरगा आत हायत, अण्णा. आमच्या घरातून आवाज येत न्हवता. तुमच्या लेकीचा येत होता. मग तिकडं उकरलं."

गुरुबसप्पांनी हमालांना हाक मारली आणि मला ट्रकमधून उतरवून घेतले.

तीन दगडांवर मला चढवले. वरून पाऊस लागला होता, सरपण ओले होते, धूर डोळ्यांत जात होता. भात झाला. गुरुबसप्पांनी पहिले ताट पंढरीपुढे धरले. त्याने ते घेतले आणि म्हणाला, "वेशीकडं म्हातारी माणसं बसलीत. त्यांना देऊन येतो." तो गेला, परत आला, पुन्हा ताट भरून गेला. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो वाढत होता.

महादेवीला दवाखान्यात न्यायला ट्रक निघाला, तेव्हा हमालांनी मला उचलले. गुरुबसप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हितंच ऱ्हाऊ द्या तिला."

वाचलेल्या लोकांसाठी तिथे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती उभी राहिली, तिच्यात मी राहिले. दिवसकार्याचे जेवण माझ्यात झाले आणि पुढे उरल्यासुरल्या मुलामुलींच्या लग्नाचेही. कल्हई केव्हाच उडाली. कुणी जमेल तेव्हा करून घेई. इतके हात मला आयुष्यात कधी लागले नव्हते.

नवे गाव वसले, तेव्हा पंढरीने मला राखेने घासले आणि बैलगाडीतून थेट लातूरला आणले. "अण्णा, तुमची अमानत."

"माझी कुठली, पंढरी?" गुरुबसप्पा म्हणाले. "मी नुसता राखणदार होतो. ते बी नीट जमलं न्हाई मला." दोघे माझ्याजवळ बसून चहा प्याले.

पुढे लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. गल्लोगल्ली पाट्या लागल्या आणि लांबलांबची मुले खोल्या घेऊन राहू लागली. नीलम्माने आणि भूकंपानंतर लातुरातच राहिलेल्या महादेवीने घरातच मुलींसाठी मेस काढली. मी पुन्हा चुलीवर चढले. नांदेडकडच्या लोहा गावची मुग्धा त्याच मेसमध्ये जेवायची. डॉक्टर व्हायचे म्हणून ती आली होती. निकाल लागला आणि तिचा नंबर थोडक्यात हुकला. ती जेवायला आली नाही. माझ्या शेजारच्या पायरीवर बसून राहिली. म्हातारे गुरुबसप्पा काठी टेकत तिच्याजवळ आले.

"अप्पा, बाबांना काय सांगू? तिकडं सगळे वाट बघून राहिले."

"अभ्यास मनापासून केला का?"

तिने मान हलवली.

"मग तुझं होतं तेवढं तू केलंस. निकाल आपल्या मुठीत नसतो."

"म्हणजे मला काही वाटायलाच नको का?" ती चिडून म्हणाली.

"वाटू दे की! रड पोटभर. पंढरी बी रडला होता. रडत रडत वाढत होता." त्यांनी तिला ती सगळी हकिगत सांगितली. मग म्हणाले, "मला वाटायचं, वैराग्य म्हणजे मन दगडाचं करायचं. तसं न्हाई, बाई. हातातलं जातं. हात ऱ्हातो. त्या हातानं पुढचं करायचं. चल, जेव आधी."

नीलम्माने वाढलेला गरम भात ती जेवली आणि मगच तिने घरी फोन लावला. नंतर ती नांदेडला नर्सिंगला गेली. ती निघाली त्या दिवशी नीलम्मा पदराने डोळे पुसत बसली होती. संध्याकाळी मात्र चाकूरहून आलेल्या नव्या मुलीला विचारत होती, "तुला तिखट चालतं का गं?"

गुरुबसप्पा आता नाहीत. मला मोडीत द्यायचे ठरले, तेव्हा महादेवीचे मन होईना. नव्वदी गाठलेली नीलम्मा खाटेवरूनच म्हणाली, "नेऊन दे गं. लहान लहान पाण्याचे तांबे करून आण. पोरी गावी जातील तशी एकेकीच्या हातात दे."

मित्रांनो, मला भीती वाटत नाही. ज्यांनी घडवले, ज्यांनी सोडले आणि ज्यांनी घासूनपुसून परत आणले, त्या सगळ्यांचे उपकार मी सोबत घेऊन जाते आहे. माझ्यातला एखादा तांब्या तुमच्या घरी आला, तर त्याला चिंचेने घासत जा. तो कुणाचा, कुठला हे विचारत बसू नका. दाराशी कुणी तहानलेला आला, तर पाणी आधी त्याला द्या.