पियानोपर्यंत गेलेला उजेड

मित्रांनो, माझ्या पत्र्याला आता गंज चढलाय आणि भिंगाला तडा गेलाय, पण एके काळी हॉलिवूडमध्ये मी पेटलो की भल्याभल्यांना घाम फुटायचा! मी स्टुडिओतला मोठा दिवा. घडलो कारखान्यात, पण मला वळण लावलं ते गस नावाच्या दिवेवाल्याने. तो मला उंच मचाणावर बांधायचा आणि हँडलने फिरवायचा.

तेव्हा खुनाच्या सिनेमांची चलती होती. सगळीकडे अंधार, आणि उजेडाचा एकच गोल. तो गोल माझा! हुकूम एवढाच, की नायकावरून हलायचं नाही. नायक होते ड्वाइट लॉरिमर. ते चालले की मी त्यांच्या मागे. बाकीचे अंधारात, आणि काळी माणसं तर कायमच अंधारात.

आर्डेल टॉलिव्हर त्यांतलीच. ती पियानोवर बसून गायची. तिच्या गाण्याचं शूटिंग नेहमी वेगळं, तिच्या एकटीचंच करत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक थिएटरमालकांना काळी बाई मोलकरीण म्हणून चाले, पण गळ्यात मोती घालून गाणारी खपत नसे. ते तेवढा तुकडा कापून टाकत. गोष्टीचं काहीच अडत नसे.

तिची आई अलाबामातल्या तसल्याच एका गावात राहायची. "आई म्हणते, तू तिकडे भांडी घासतेस आणि सिनेमाच्या थापा मारतेस," आर्डेल एकदा गसला म्हणाली. ती हसत होती, पण वरून मला तिचे डोळे दिसले. फार वाईट वाटलं मला.

आणि मग तो दिवस आला! खुनी दारातून पळतो आणि त्याला पाहिलेला बारवाला नायकाला त्याचं नाव सांगतो, असा प्रसंग होता.

"अहो मिस्टर लॉरिमर," आर्डेल पियानोवरूनच ओरडली, "बारवाल्याची पाठ दाराकडे. त्याला काय मानेला डोळे आहेत? दार माझ्यासमोर आहे. मला विचारा की!"

लॉरिमर खो खो हसले. "बाईचं खरं आहे, हॅसलर!"

दिग्दर्शक हॅसलरनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ऑफिसच्या दाराकडे. "मग बघता काय? जा तिच्याकडे! चला, लवकर!"

लॉरिमर निघाले. मीही निघालो, हुकूमच होता ना! गसने हँडल फिरवलं, टेबलं मागे पडली आणि मी पियानोवर पोचलो. काय सांगू मित्रांनो! त्या कपाळावर, त्या गालांवर मी असा झळकलो की मलाच माझी ओळख पटेना. गाता गाता थांबून तिने नायकाला खुन्याचं नाव सांगितलं.

ऑफिसचे साहेब धावत आले. "हे कापायचं कसं? हिला काढली तर खुनी कोण, ते कळायचंच नाही!"

"हो ना, पंचाईतच झाली," आर्डेल नाकाला पावडर लावत म्हणाली.

तरी सिनेमा लागला तेव्हा तिच्या गावच्या थिएटरवाल्याने तो तुकडा कापलाच! मग काय, सिनेमा संपला आणि खालचे गोरे ओरडायला लागले, "अरे, खुनी कोण?" वर बाल्कनीत काळ्यांची बसायची जागा. तिथे सगळ्यांनी पाय आपटून छत दणाणून सोडलं. दुसऱ्या दिवशी मालकाने तुकडा निमूट परत जोडला.

दोन दिवसांनी आर्डेल सेटवर पळतच आली. "गस, आईचा दुकानातून फोन आला होता! तिने मला पाहिलं!"

"अगं, मग म्हणाली काय?"

"म्हणाली, एवढी का वाळलीस गं?" आणि ती हसता हसता रडायला लागली.

आता मी गोदामात पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा, भिंग बदला आणि मला तुमच्या शाळेच्या नाटकाला न्या. मी अजून पेटतो! फक्त माझा जुना हुकूम पाळू नका. राजावर उजेड टाकून झाला की हँडल आणखी थोडं फिरवा, पार कडेला भाला धरून उभ्या असलेल्या पोरापर्यंत. त्याचीही आई समोर बसलेली असते.