हत्तीचा डोळा

वालावलीत आनंदीबाईंच्या रुखवताला तोड नव्हती. गावात कुठलंही लग्न असो, पिठासाखरेचे हत्ती, मोर, घोडे त्यांच्याच हातचे, आणि त्यांना डोळे लालभडक गुंजांचे. आंधळं जनावर मांडू नये, हा त्यांचा कायदा. त्या जनावरांना कोणी दात लावत नसे. ती नुसती बघायची.

सून विमला कुडाळच्या बाजारपेठेतली. नणंदेच्या लग्नात तिने सासूचे हत्ती मागच्या रांगेत सरकवून पुढे थर्माकोलचा बंगला ठेवला, आणि वर 'आता हे कोण बघतंय' असंही बोलून गेली. तेव्हापासून दोघींचा अबोला. चूल एक, पण बोलणं लहानग्या शिवाच्या तोंडून. शिवा, आजीला सांग चहा झाला. शिवा, आईला सांग, नको. शिवाचे वडील हरिश्चंद्र मास्तर या भानगडीत कधी पडले नाहीत, आणि हाच शहाणपणा असं ते समजत. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणाऱ्या माणसाला घरातल्या दोन बायकांना बोलतं करता येईना.

शिवाच्या पाचव्या वाढदिवसाला विमलाने जनावरांची बिस्किटं करायचं मनावर घेतलं. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाल्याचं ते दुसरं वर्ष. वाढदिवसाला पोरं बोलावण्याची टूम गावात तशी नवीच. तिने डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून साचे करून घेतले, आणि बिस्किटं कुडाळच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणली. लिंबाच्या रसात पिठीसाखर घोटून बदकांना पिवळं लिंपलं, सशांना पांढरं. हत्तीचा साचा मोठा, म्हणून हत्ती एकच केला, गुलाबी, खास शिवासाठी. सगळी बिस्किटं ओटीवरच्या बाकावर, भरतकामाच्या रुमालावर मांडली. मनुकांचे डोळे तेवढे लावायचे राहिले होते, पण आधी शिवाची आंघोळ उरकावी म्हणून ती त्याला घेऊन मागील दारी गेली.

ती पाण्याचे पेले घेऊन ओटीवर आली तोवर पोरं जमली होती आणि मास्तरांनी हौसेच्या भरात, नीट न बघताच, बिस्किटं ताटात घालून फिरवलीही होती. शेजारची बाबली बदकाची शेपटी चघळत होती. बदकाचा डोळा लाल होता, त्यात काळा ठिपका.

विमलाच्या हातातले पेले खाली पडले. गुंज अख्खी गिळली तर एक वेळ निभावेल, पण दाताखाली फुटली तर ते विष. हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. तिने बाबलीच्या हातातलं बदक ओढलं, एकेका पोराच्या हातातून, तोंडातून बिस्किटं काढून घेतली. पोरं रडायला लागली. जनावरं सगळी एका बाजूने दिसणारी, प्रत्येकाला डोळा एकच. मोडक्या बिस्किटांवर तिने एकेक डोळा शोधला. सगळे सापडले.

हत्ती मात्र ताटात नव्हता.

"हत्ती कोणी खाल्लो?" ती ओरडली.

शिवाच्या ओठांना गुलाबी साखर लागली होती. विमलाने त्याचे खांदे धरून गदागदा हलवलं, थुंक म्हणाली, जबड्यात बोट घालायला गेली. त्याने दात घट्ट मिटले. डॉक्टर कुडाळला आणि संध्याकाळची एस्टी निघून गेलेली. मास्तर चपला न घालताच कोणाची जीप मिळते का बघायला धावले. गलका ऐकून बाहेर आलेली सासू खांबाला टेकून उभी होती; विमला तिच्याकडे वळली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलली.

"पोरांक मारूचा होता काय तुमका?"

आनंदीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. गुडघ्यांवर हात टेकत त्या शिवासमोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शिवा, माजो हत्ती खंय रे? माका दाखय."

शिवाने आईकडे चोरून बघितलं. मग नव्या चड्डीच्या खिशातून हत्ती काढला. सोंड नव्हती, पाय नव्हते. डोकं शाबूत होतं, आणि त्यात डोळा.

"डोळो आजीन लायलो," तो म्हणाला. "तो खाल्लो तर हत्तीक दिसतला कसा?"

विमला मटकन खाली बसली आणि पोराला छातीशी धरून ढसाढसा रडली. सगळी बिस्किटं खड्ड्यात पुरली. पोरांची चिवड्यावर आणि केळ्यांवर बोळवण झाली, आणि मास्तर जीप घेऊन परतले तेव्हा त्यांना ती तशीच परत पाठवावी लागली.

दिवे लागल्यावर विमला मागील दारी गेली. आनंदीबाई पायरीवर बसल्या होत्या. हत्तीचं डोकं त्यांच्या तळहातावर होतं.

"एक शब्द इचारलात असता," विमला म्हणाली.

"इचारतलंय कोणाक? तू माज्याशी बोलतंस खंय?" म्हातारी हत्तीकडेच बघत होती. "माका वाटला, रुखवतासारखा मांडलंस. तुजा मांडलेला बरा दिसात म्हणान डोळे लायलंय."

राग कोणावर काढावा तेच विमलाला समजत नव्हतं. आतून शिवाचा आवाज येत होता. तो बापाला जीप कुठे गेली ते विचारत होता. त्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आई," ती म्हणाली, "चाय हाडू?"

आनंदीबाईंनी हत्ती पदराच्या टोकात बांधला.

"हाड. साकर वायच घाल."