वायरवरची भूमिती

मित्रांनो, ज्याला वायर असते, जो खिशात मावत नाही आणि ज्याने फोटो काढता येत नाहीत, असा एक जुना टेलिफोन मी आहे. रंग राखाडी. अंगावर बारा बटणं, त्यातलं पाचाचं जरा हट्टी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांवर माझे शेकडो भाऊ ओळीने बसले होते. शेवटच्या टेबलावरची एक बाई प्रत्येकाचा रिसीव्हर कानाला लावायची, ‘हॅलो’ म्हणायची आणि मनासारखं ऐकू आलं की पाठीवर शिक्का मारायची. समोरून उत्तर देणारं कोणी नसतानाही ती दिवसभर तितक्याच गोडीने हॅलो म्हणत असे. मी ऐकलेला पहिला शब्द तो.

तिथून मी या शाळेच्या ऑफिसात आलो. काचेच्या कपाटाशेजारी, कारकुनाच्या टेबलावर माझी जागा ठरली. कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. तेव्हा त्यांचे केस काळे होते. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसायचे, आणि कोणी माझ्या अंगावर चहाचा कप टेकवला तर दिवसभर त्याच्याशी धड बोलायचे नाहीत. कोणाला ताप आला, कळवा घरी. कोणाचा दात हलला, कळवा घरी. एका पठ्ठ्याने पोटात दुखतंय म्हणून माझ्यावरून आईला बोलावून घेतलं आणि ती धापा टाकत आली तेव्हा हा मैदानावर उड्या मारत होता. पाहुणे आले की मुख्याध्यापक माझ्याकडे हात करून म्हणायचे, आमच्या शाळेत फोन आहे. मी आणखी ताठ बसायचो.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि माझा रुबाब उतरला. माझ्यावर आधी एक फाइल आली, मग दुसरी, मग जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. लाइन तेवढी चालू राहिली, कारण ती बंद करायला जायचं कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. लोकांच्या विसरभोळेपणामुळे जीव वाचलेला मी एकटाच असेन.

मग ते आजाराचं वर्ष आलं. शाळेला कुलूप लागलं. मुलं घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर शिकू लागली. भाऊसाहेब मात्र इमारतीवर लक्ष ठेवायला रोज यायचे आणि रिकाम्या व्हरांड्यात उगाच फेऱ्या मारायचे.

एका सकाळी सातवीच्या गणिताच्या बाई तोंडाला मास्क बांधून ऑफिसात आल्या. त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं की पडद्यावर वर्गातली आठ-दहा मुलं दिसतच नाहीत. त्यांच्या घरी पडद्याचा फोन नाही, साधा बटणांचा आहे. बाईंचा स्वतःचा मोबाइल तासांतच अडकलेला, आणि उरलेल्या वेळात त्यांच्या मुलाच्या हातात.

“भाऊसाहेब, हा फोन चालतो का?”

“त्याला कोण विचारतंय आता,” असं म्हणत भाऊसाहेबांनी गठ्ठा उचलला आणि धुळीने दोघांनाही शिंका आल्या. बाईंनी रिसीव्हर कानाला लावला. मी सारं बळ एकवटून टोन दिला. त्यांचे डोळे हसले. बाकीचा चेहरा मास्कमागे होता.

पहिला दिवस वाया गेला म्हणायला हरकत नाही. अनोळखी नंबर बघून कोणी उचलेना. उचलला तर काहीतरी विकायला आले समजून लोक ठेवून देत. बाई ठेवलेला फोन पुन्हा लावत. चार दिवसांत निम्मी मुलं हाताला लागली. पडद्याचा तास संपला की बाई ऑफिसात येत आणि एकेकाला फोनवर शिकवत.

त्या मुलांत एक मुलगी होती. कधी एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचे वडील रात्रपाळीचे पहारेकरी. दिवसा ते उशाशी मोबाइल ठेवून झोपायचे. आई दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला. त्यामुळे माझ्यावरून फोन गेला की भिंगरी पहिल्याच घंटीला मोबाइल उचलायची, जिन्यात जाऊन बसायची आणि कुजबुजायची. वर्गात धिंगाणा घालणारी ही पोर फोनवर ‘हो बाई’, ‘नाही बाई’ यापलीकडे जाईना. बाईंना कळेना, हिला समजतंय की नुसतीच मान हलवतेय.

मग बाईंनी उलटा डाव टाकला. म्हणाल्या, “आजपासून मी नाही शिकवणार. तू सांगायचं, मी काढायचं. बोल, त्रिकोण कसा काढू?”

“एक आडवी रेघ मारा. मग तिच्यावर अशी एक तिरकी.”

“अशी म्हणजे कशी? फोनमध्ये ‘अशी’ दिसत नाही ग.”

भिंगरी म्हणाली, थोडी तिरकी. बाईंनी थोडी तिरकी रेघ काढली, तिने सांगितलं तशीच पुढे काढत गेल्या, आणि शेवटी काय झालं ते सांगितलं. रेघा एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. जिन्यात हसू फुटलं, लगेच दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र पोर तयारीने आली. पाया सहा सेंटिमीटर. डाव्या टोकाला साठ अंशांचा कोन, उजव्याही टोकाला साठ. बाईंच्या कागदावर नीटस त्रिकोण उभा राहिला. मित्रांनो, मी आयुष्यभर नुसते निरोप पोचवले होते. त्या दिवशी माझ्या तारेतून पहिल्यांदा एक आकृती गेली.

असं छान चाललं असताना दोन बातम्या एकदमच आल्या. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की परीक्षा पडद्यावर होईल आणि जो दिसणार नाही तो गैरहजर. आणि भिंगरीने कुजबुजत सांगितलं की बाबा तिला परगावी मावशीकडे पाठवणार आहेत. मावशीला बाळ झालंय, हाताखाली कोणीतरी हवं.

बाईंनी वडिलांना फोनवर बोलावून घेतलं. त्यांचा आवाज झोपेने जड होता. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, “बाई, शाळा बंदच आहे. परीक्षेला बसता येत नाही. एक वर्ष गेलं तर गेलं.”

“ते वर्ष तुमचंही नाही, माझंही नाही. तिचं आहे,” बाई म्हणाल्या. “परीक्षा होईपर्यंत थांबा. परीक्षेचं मी बघते.”

रिसीव्हर ठेवून त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. सर चांगले होते, पण नियमाबाहेर पाऊल टाकायला बिचकायचे. फोनवर परीक्षा घेतली आणि मागून कोणी उत्तरं सांगितली तर, असा त्यांचा सवाल होता. बाईंनी वाद घातला नाही. प्रश्न तुम्हीच विचारा, तुम्हाला हवा तो विचारा, एवढंच म्हणाल्या. आधी एकीचीच घेऊन बघू, यावर सर कबूल झाले.

परीक्षेच्या दिवशी सर भाऊसाहेबांच्या खुर्चीत बसले. समोर कोरा कागद, पट्टी, कोनमापक. बाई बाजूला उभ्या. सरांनी विचारलं, “मला चौरस काढायला सांग. पण चौरस हा शब्द उच्चारायचा नाही.”

भिंगरीने एक श्वास घेतला. तो मला ऐकू आला. मग म्हणाली, “सर, पाच सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. डावं टोक क, उजवं टोक ख. क वर कोनमापक ठेवून नव्वद अंशांवर खूण करा. त्या खुणेकडे जाणारी पाच सेंटिमीटरची रेघ काढा. आता ख वर—”

आणि आवाज गेला.

बाईंनी पुन्हा लावला. मोबाइल बंद. पुन्हा लावला. बंदच. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. कागदावर दोनच रेघा होत्या. ते हळूच म्हणाले, बाई, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. रिसीव्हर जागेवर ठेवून बाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी तरी काय करणार?

तेवढ्यात मी वाजलो. कित्येक वर्षांत मला कोणी फोन केला नव्हता. माझी घंटा घोगरी निघाली, भाऊसाहेब व्हरांड्यातून धावत आले. रिसीव्हर सरांनीच उचलला.

“मी तिचा बाप बोलतोय,” पलीकडून धापा टाकत आवाज आला. “आमच्या मोबाइलची बॅटरी मेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून लावलाय, नंबर पोरीला पाठ होता. साहेब, तिच्या दोन बाजू राहिल्यात. तेवढ्या घ्या.”

ते त्या दिवशी झोपलेच नव्हते. दाराआड पडून लेकीचं बोलणं ऐकत होते.

भिंगरी पुन्हा बोलू लागली. दुकानात माणसांचा गलका होता, त्यामुळे या वेळी ती कुजबुजली नाही, खणखणीत बोलली. सर एकेक रेघ काढत गेले. चौथी रेघ टोकाला येऊन बरोबर मिळाली. सरांनी पट्टीने चारी बाजू मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि बाईंना म्हणाले, “बाकीच्या मुलांचे नंबर सांगा.”

मग बाईंनी रिसीव्हर घेतला आणि वडिलांना मावशीचं विचारलं. ते म्हणाले, “मावशीचं बघू काहीतरी दुसरं. हिचं चालू राहू दे.”

आता शाळा उघडली आहे. व्हरांड्यात इतका गोंगाट असतो की भाऊसाहेब रोज त्रासल्याचं नाटक करतात. माझ्या अंगावर फाइल नाही, ही त्यांचीच कृपा. भिंगरी आठवीत आहे. पण सगळंच सुखरूप झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्या मुलांपैकी एकाचं बिऱ्हाड कामाच्या शोधात कुठेतरी गेलं. त्याचा नंबर अजून लागत नाही. बाई दर शनिवारी शाळा सुटल्यावर येतात, रिसीव्हर उचलतात आणि तो नंबर लावतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा. वायर ओढू नका, अंगावर कप ठेवू नका. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या बाकावरचं कोणी दिसेनासं झालं, तर ते आपोआप येईल म्हणून बसू नका. त्याला फोन लावा. उचलला नाही, तर पुन्हा लावा.