भर उन्हात वीज गेली

मित्रांनो, आधी नाक दाबा, मग पुढं वाचा. मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. रंगानं मूळचा हिरवा, आताचा रंग विचारू नका. माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक लोखंड साच्यात ओतलं, गार केलं, कानस मारली, पितळी पाटी ठोकली आणि चार जणांनी कण्हत कण्हत उचलून चाकांच्या गाड्यावर बसवलं. तेव्हा बसलो तो बसलोच.

आमची जात हँडल मारून जागी होणारी. एका हातानं वरची कळ धरायची, दुसऱ्या हातानं हँडल गरागरा फिरवायचं आणि नेमक्या वेळी कळ सोडायची. ज्याला जमलं त्याचा मी गुलाम. ज्याला नाही जमलं त्याला हँडलचा असा उलटा झटका द्यायचो, की गडी आठ दिवस मनगटाला हळद लावून फिरायचा. खोड म्हणा हवं तर.

तरुणपणी भाड्यानं फिरलो. दातांच्या डॉक्टरांकडे होतो तेव्हाची गंमत ऐका. एक हवालदार खुर्चीत आ करून पडलेले, मशीन दाढेत, आणि मला लागली उचकी. मशीन जागच्या जागी थांबलं. हवालदारांना तोंड मिटता येईना आणि डॉक्टरांना तोंड दाखवता येईना! मग सभांना जायला लागलो. एका पुढाऱ्यानं स्वच्छ हवेवर भाषण ठोकलं. माइक चालत होता माझ्या धुरावर. शेवटी मलाच लाज वाटली, मी बंद पडलो. त्या सभेतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

तिथून आलो ह्या घरी. ह्या घरात कोंबडीची अंडी उबवून पिल्लं विकतात. धंदा वहिनींचा. दादा ट्रक घेऊन लांब लांब जातात, त्यामुळे घरात वहिनी, त्यांच्या सासूबाई आणि धाकटा दीर. दिराला सगळी गल्ली ‘आकाशवाणी’ म्हणते, वहिनी तेवढ्या भावजी म्हणतात. मागच्या खोलीत कपाटाएवढं उबवणीचं मशीन. आत दिवा, पंखा आणि ट्रेमध्ये अंडी. ऊब लागते तशी हवाही लागते. पंखा थांबला की अंड्यातल्या पिल्लाचा जीव कोंडतो. म्हणून वीज गेली रे गेली, की वहिनी पदर खोचून माझ्याकडं धावायच्या. बाईचा हात असा सरळ, की त्यांना झटका द्यायची माझी कधी छाती झाली नाही.

माझ्यासाठी भिंतीवर एक मोठा खटका होता. वर ढकलला की कंपनीची वीज, खाली ओढला की माझी. दोघींची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. भांडणाऱ्या जावांना वेगळ्या चुली मांडून द्याव्यात, तसं.

सुखाचे दिवस होते हो. मग छपरावर काचेचे तक्ते आले.

सोलर! घरात नवी नवरी आल्यासारखी माणसं बघायला यायला लागली. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. नुसतं उताणं पडायचं आणि ऊन खायचं. ह्याला काय काम म्हणतात? मला परसात ढकललं, अंगावर पोतं टाकलं. एक कोंबडी येऊन माझ्या टाकीवर बसायला लागली. एके काळी भल्याभल्यांचे पंजे पिरगाळणारा मी, आणि माझ्या डोक्यावर कोंबडी!

मतं तर काय, ज्याला तोंड त्याला मत. भावजी ओट्यावर बसून सांगायचे, “वहिनी, हे तक्ते सगळं ऊन ओढून घेतात, म्हणून पाऊस कमी पडतो. मी बघितलंय मोबाईलवर. आणि ह्यांचं बटण परदेशात असतं. त्यांनी दाबलं की आपण अंधारात.”

“मग तुमचं बटण कुठं असतं भावजी?” वहिनी विचारायच्या. “तेवढं दाबून घ्यायचं होतं.”

सासूबाईंचं वेगळंच. जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते, असं तक्ते बसवणारा सांगून गेला होता. म्हातारीनं तेवढं पक्कं धरलं. समोरच्या काकू दारात दिसल्या की ह्या सुरू. “काय गं, मिक्सर फिरतोय ना? आमच्या उन्हावर फिरतोय हो तो!”

“तुमच्या जनरेटरच्या धुरानं माझे पडदे काळे झाले, ते आधी उजळून द्या,” काकू म्हणायच्या.

आणि एक दिवस भावजींनी तो भिंतीवरचा खटका काढून टाकला. म्हणे भिंत वाईट दिसते. जागेवर कॅलेंडर लावलं.

तर मित्रांनो, आता नीट ऐका. चेष्टा संपली.

त्या दिवशी ट्रेमधल्या अंड्यांना चोची लागल्या होत्या. म्हणजे आतून टकटक, टरफलाला चिरा, आणि कान लावला तर बारीक चिवचिव. वहिनी सकाळपासून मशीनपाशीच. दुपारी वायरमन दारात आला. हा पोरगेला नाही हं, बायकापोरांचा माणूस. खांबावर सरसर चढतो म्हणून सगळे त्याला सरडा म्हणतात.

“ताई, पलीकडच्या खांबावरची तार धरणारी चिनी मातीची वाटी फुटलीय. लाईन बंद करावी लागेल. तुमचं पिल्लांचं मशीन चालू असेल तर संध्याकाळी करतो.”

वहिनी हसल्या. “अरे, आमच्याकडं ऊन आहे की! तू आरामात कर.”

बघा, ह्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं की वर ऊन आहे म्हणजे घरात वीज आहे. तक्ते आल्यापासून दिवसा वीज कधी गेलीच नव्हती, मग समजणार कसं? सरडा मान डोलावून गेला. त्याला वाटलं जनरेटर आहेच, खटका काढलाय हे त्याला कुठं माहीत? थोड्या वेळानं लाईन बंद झाली, आणि छपरावरचे तक्ते डोळ्यादेखत गप्प बसले. वर कोंबडीची पाठ भाजेल असं ऊन, आणि मशीनमधला पंखा थांबला.

“हे काय?” वहिनी ओरडल्या.

“मी म्हणत नव्हतो?” भावजी उठून उभे राहिले. “दाबलं! परदेशातून बटण दाबलं!”

“परदेशाचं राहू द्या, पंखा बंद पडलाय! दार उघडू तर कोरडं वारं लागून पिल्लं टरफलाला चिकटतील, बंद ठेवू तर कोंडून मरतील. सरड्याला फोन लावा!”

फोन लावला. सरड्याचा फोन खांबाखाली पिशवीत वाजत राहिला. सरडा उंच, तीन छपरांच्या पलीकडं. मला परसातून तो दिसत होता. निळा शर्ट, कमरेला पट्टा, उघड्या तारेवर दोन्ही हात. लाईन बंद आहे, हा त्याचा भरवसा.

भावजींनी माझ्या अंगावरचं पोतं ओढलं. कोंबडी फडफडत पळाली. खरं सांगतो, माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आलात ना शेवटी? पडली ना गरज? दाखवतोच आता त्या काचेच्या नवरीला!

आणि मग मी भावजींच्या हातातली वायर बघितली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या.

“एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात,” भावजी म्हणाले. “एका दणक्यात सगळ्या घराची वीज चालू. व्हिडिओत दाखवलंय. खटक्याबिटक्याची गरजच नाही.”

“काही करा, पण लवकर करा!” वहिनी आतून ओरडल्या. मशीनच्या दाराशी त्या फट ठेवू की नको करत उभ्या होत्या.

मित्रांनो, सगळ्या घराची वीज चालू म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या तारेचीही चालू. मधे खटका नाही. मी निघालो की भिंतीतून मीटरला, मीटरमधून खांबाला, आणि खांबावर सरडा. मला काही अख्खी गल्ली ओढवली नसती, धापा टाकून बंद पडलो असतो. पण माणूस जायला तेवढा वेळ लागतच नाही.

मी यंत्र आहे हो. मला तोंड नाही. भावजींनी कळ धरली, हँडल फिरवलं. मी दिला झटका. जिवाच्या आकांतानं दिला.

“आई गं!” भावजी मनगट झटकत नाचले. “मरतुकड्या!”

त्यांनी पुन्हा धरलं. ह्या वेळी राग होता, आणि रागात कळ नेमकी सुटली. मी पेटलो. डिझेल आत आलं की मला नाही म्हणता येत नाही. धडधड धडधड. एक टोक माझ्यात, दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत माझी सगळी वीज, आणि ते टोक भावजींच्या हातात. ते सॉकेटाकडं निघाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना बाजूला सरकवत भावजी म्हणाले, “आई, वाटेतून हो.”

“होते रे. ही पण वीज जाईल का समोरचीकडं?”

“काय?”

“नाही म्हटलं, आपलं ऊन जातं ना तारेवरून तिच्या मिक्सरला? मग हीसुद्धा जाईल. धूर आपण खायचा आणि मिक्सर तिचा फिरणार! तिला आधी सांगून ये, म्हणावं ही आमच्या डिझेलची आहे.”

“आई, ही काय वेळ आहे का मिक्सरची!”

भावजींनी हात पुढं केला. पिना सॉकेटाच्या तोंडाशी आल्या.

आणि आत वहिनींच्या हातातून मशीनचं दार सुटलं. “तारेवरून जाईल?” त्या एवढंच म्हणाल्या. मग घसा फाटेस्तोवर किंचाळल्या, “भावजी! तारेवर सरडा आहे!”

भावजी जागीच थिजले. हातातल्या पिना सॉकेटाच्या कडेला खटखट आपटायला लागल्या.

“मागं घ्या,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “हळूच. मागं.”

“हे... हे आता टाकू कुठं?”

“कुठंच टाकू नका! धरून उभे राहा! पिनांना बोट लावू नका!”

वहिनी अनवाणी परसात धावल्या आणि त्यांनी माझी डिझेल बंद करायची दांडी ओढली. मी दोन गचके खाल्ले आणि गप झालो. एवढ्या वर्षांत कुणी बंद केल्यावर मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

परस असा शांत झाला, की आतली चिवचिव बाहेर ऐकू यायला लागली. ती बारीक होत चालली होती.

“आता?” भावजी भिंतीला टेकून खाली बसले होते.

“आता घराला नाही द्यायची,” वहिनी म्हणाल्या. “मशीनची पिन भिंतीतून काढा. थेट ह्याच्यातच खुपसू. ह्याच्यातून मशीन, बाकी कुणी नाही.”

सोपं होतं. पण मशीनची वायर पडली आखूड, आणि मी परसाच्या दुसऱ्या टोकाला, चाकं गंजलेला. भावजी ढकलायला लागले, सासूबाई ढकलायला लागल्या, मी तसूभर हलेना. तेवढ्यात किंचाळी ऐकून समोरच्या काकू आल्या.

“काय झालं गं?”

“आधी ढकल, मग भांड!” सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी पदर खोचला आणि खांदा दिला. कुरकुरत, खरवडत मला खिडकीपाशी नेलं. वहिनींनी माझं धुराडं खिडकीच्या उलट्या बाजूला वळवलं. धूर आत गेला असता तर एवढं सगळं करून पिल्लं त्यानंच गेली असती. धुराडं आता बरोबर काकूंच्या घराकडं. काकूंनी ते बघितलं, आणि “असू दे, पडदे जुनेच आहेत,” म्हणाल्या.

मशीनची पिन माझ्यात बसली. वहिनींनी हँडल धरलं. फिरवलं. मी नुसता खोकलो. पुन्हा फिरवलं, पुन्हा खोकलो. ह्या वेळी खोडी नव्हती हो, शपथ! ढकलताना टाकीतलं उरलंसुरलं डिझेल हिंदकळून नळीत हवा शिरली होती. वहिनींच्या कपाळावरचा घाम माझ्या टाकीवर पडत होता. “बाबा रे,” त्या दात खाऊन म्हणाल्या, “आता नाही पेटलास तर भंगारात घालीन, आणि स्वतः तोलून घालीन!” आणि कळ सोडली.

मी असा पेटलो की काकू दोन पावलं मागं सरल्या.

आत पंखा फिरला. वहिनी मशीनच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, भावजी त्यांच्या मागं. बराच वेळ काहीच नाही. मग एक टरफल हललं, फुटलं, आणि ओलं गिळगिळीत डोकं बाहेर आलं. त्याच्यामागून दुसरं. काही अंडी हललीच नाहीत. ती वहिनींनी नंतर एकटीनं बाजूला काढली.

सरडा खाली उतरला, लाईन जोडली आणि पिशवी खांद्याला लावून दारातून डोकावला. माझा आवाज ऐकून हसला.

“काय ताई, शेवटी ह्या म्हाताऱ्यालाच उठवलंत ना?”



“तक्ते बंद पडले रे,” सासूबाई म्हणाल्या. “ऊन असून बंद पडले.”

“पडणारच मावशी. लाईन गेली की ते आपोआप गप बसतात. तशीच सोय असते त्यांच्यात. आम्ही वर असतो ना!”

भावजींनी मान खाली घातली. ते आत गेले, पक्कड घेऊन आले आणि सरड्यासमोर बसून त्या वायरच्या दोन्ही पिना तोडल्या. सरड्यानं वायरीकडं बघितलं, भावजींकडं बघितलं. मग त्याला कळलं. तो मटकन ओट्यावर बसला. सासूबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. म्हातारीनं तांब्याला खालून आधार दिला, तो पाणी पिईपर्यंत.

आता नवीन खटका बसलाय, कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर गेलंय. छपरावरच्या काचेच्या मंडळींना मी आता नावं ठेवत नाही. ऊन खातात, खाऊ दे. एक दिवस त्यांना तिथंच साठवणीची बॅटरी येईल आणि मी खरंच भंगारात जाईन. जावंच मी. माझा धूर तुमच्या छातीसाठी चांगला नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

तोवर एकच मागणं आहे, मित्रांनो. तेलपाणी केलंत तर उपकार, नाही केलंत तरी चालेल. सोलरवर, डिझेलवर, परदेशातल्या बटणावर खुशाल मतं ठोका, जिभेला हाड नसतं. पण घरातली वीज गेली आणि तुमचा हात माझ्या हँडलकडं आला, की आधी एकदा बाहेर या आणि मान वर करून खांबाकडं बघा. तिथं कुणी दिसलं नाही, तरी आहे असं समजा.