धामणीची नोंद

शरद मुळ्यांनी आपल्या मुलाला माफ केलं. पण हे वाचलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही.

घडलं ते असं. काशीत ब्रह्मा घाटावर मुळ्यांच्या मोरीमागे एक धामण राहायची. शरदराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. नागपूरच्या चुलतभावांची नावं त्यांना आठवत नसत, पण धामणीचं सगळं गोत तोंडपाठ: आफ्रिकेत नुसती अंडी गिळून जगणारे साप, अमेरिकेत मक्याच्या कोठारात उंदीर धरणारे, पूर्वेच्या जंगलात झाडावरून झाडावर तरंगत जाणारे. जवळजवळ दोन हजार जाती, बहुतेक निरुपद्रवी. दक्षिण ध्रुव सोडला तर सगळीकडे आपली माणसं आहेत, असं ते म्हणत.

नागपंचमीला सकाळी त्यांच्या मुलानं, केयूरनं, पाटावरच्या नागाला दूध-लाह्या वाहिल्या आणि दुपारी नाग समजून धामणीला काठीनं मारलं. वडिलांनी पाहिलं. आपली नोंदींची वही घेऊन खोलीत गेले आणि त्या विषयावर पुन्हा बोललेच नाहीत. मटार महागल्याचं बोलले, क्रिकेटचं बोलले, आणि कार्तिकात गेले. मणिकर्णिकेवर केयूरच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. माफी मागायची राहिली, एवढंच डोक्यात.

वर्षश्राद्ध उरकल्यावर त्यानं नागबळी करायचं ठरवलं. हातून साप मेला की कणकेचा नाग करून त्याला अग्नी देतात. ढुंढिराज गुरुजींनी कणीक वळली, ऐटदार फणा काढला. केयूरनं अंगठ्यानं तो दाबून सपाट केला.

"हे काय रे?"

"धामणीला फणा नसतो, गुरुजी."

"विधी नागाचा आहे, बेटा. धामण का मंत्र कहाँ से लाऊँ?"

"नाग समजूनच मारली. आता जाळतानाही तीच चूक करू?"

गुरुजींनी शेपटी जराशी लांबवली.

घरी येऊन केयूरनं वर्षभरात पहिल्यांदा वडिलांची वही उघडली. नागपंचमीची नोंद होती: "धामण, मादी, सात फूट दोन इंच. मृत्यूचं कारण: वार्धक्य."

चुकीची नोंद केली म्हणून विद्यार्थ्यांना नापास करणारा माणूस.

केयूर मोरीपाशी बसून पोटभर रडला. मग पेन घेऊन त्याच पानावर खाली लिहिलं:

"सविनय अर्ज. वरील नोंदीत दुरुस्ती व्हावी. कारण: काठी. मारणारा: मुलगा. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी नोंद करणाऱ्यांनी एकदा घरी समक्ष हजर राहावे, ही विनंती."